डिस्कचा नकार

संगणकांत माहिती सांठविणाऱ्या डिस्कला प्रत्येक आज्ञा समजतेच असें नाहीं. लिनक्स प्रणाली व डिस्क यांमधील दुभाष्यास आम्ही ‘चालक’ म्हणूं. त्यानें स्कझी पद्धतीच्या डिस्कला ‘इतक्या खंडांत शून्यें भर’ अशी एकच आज्ञा दिली व ती तिला ठाऊक नसली, तर ५ या क्रमांकाचा, ‘अवैध विनंती’ अशा अर्थाचा संकेत परत येतो. तीच आज्ञा पुनःपुन्हां देणें व्यर्थ. डिस्क बिघडली असें ठरविणें अन्यायाचें. म्हणून चालक ती आज्ञा पुढें न देण्याची नोंद ठेवितो, आणि प्रणाली स्वतः शून्यें लिहून काम पुरें करिते. मात्र न झालेलें काम ‘झालें’ असें कधींही कळवूं नये. नाहींतर पुसली समजलेली खासगी माहिती तशीच राहून परक्याच्या हातीं पडेल. प्रामाणिक नकारावर उपाय करितां येतो. खोटा होकार मात्र घात करितो, हें आम्हीं सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.