सायलेन्सरकडे निघालेली ताकद

फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यात तयार होणारी पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये बाजारात आली, तेव्हा शोरूममध्ये तिच्या शेजारी साधी पेट्रोल पोलोही उभी असे. दोन्हींची इंजिने 1.2 लिटरचीच. पण साधीची ताकद 75 अश्वशक्ती आणि जीटीची 105. टॉर्क साधीचा 110 न्यूटन मीटर, जीटीचा 175. साधीला तीन सिलिंडर होते आणि जीटीला चार, हे खरे. मात्र एवढी तफावत सिलिंडरच्या संख्येने पडत नाही. ती हवेने पडते. इंजिन स्वतःच्या बळावर जेवढी हवा ओढून घेते त्यापेक्षा बरीच जास्त हवा टर्बोचार्जर त्यात कोंबतो, आणि हवा जास्त म्हणजे तेवढ्याच जागेत जाळता येणारे पेट्रोलही जास्त. यासाठी लागणारी शक्ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग गरम वायूंबरोबर सायलेन्सरकडे निघून जातो. त्यांच्या वाटेत एक छोटी टर्बाइन बसवायची, तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर लावायचा. हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो.

ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. 1879 मध्ये विंटरथूरला जन्मलेल्या ब्युखीने 1905 मध्ये, म्हणजे रस्त्यावर मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या असताना, तिचे पेटंट घेतले. पुढे सुल्झर कंपनीत त्याने प्रयोग केले, पण तेव्हाचे पोलाद त्या उष्णतेत टिकत नव्हते आणि कॉम्प्रेसरही कामचुकार होते. यश यायला वीस वर्षे लागली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद त्याच्या टर्बोने 1,750 अश्वशक्तीवरून 2,500 वर नेली. 1925 च्या सुमारास त्याला आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती पहिलीहून सूक्ष्म आहे. सिलिंडरमधून वायू संथ धारेने येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. सगळ्या सिलिंडरांचे वायू एकाच नळीत सोडले तर हे ठोके एकमेकांना मारतात. म्हणून ज्यांचे ठोके आपसात भिडत नाहीत अशा सिलिंडरांच्या जोड्या लावून त्यांच्या नळ्या टर्बाइनपर्यंत वेगळ्या न्यायच्या. आजच्या गाड्यांच्या जाहिरातींत ‘ट्विन स्क्रोल’ म्हणून जे नवलाईने मिरवले जाते, त्याचे मूळ या शंभर वर्षे जुन्या नळ्यांत आहे. ब्युखीचे नाव मात्र कुठल्या जाहिरातीत सापडत नाही.

अमेरिकेत टर्बोचे श्रेय बहुधा सॅनफर्ड मॉसला दिले जाते. जनरल इलेक्ट्रिकच्या या अभियंत्याने 1918 मध्ये विमानाचे लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर चढवले आणि विरळ हवेतही टर्बोच्या मदतीने त्यातून समुद्रसपाटीइतकी ताकद काढून दाखवली. प्रयोग देखणा होता यात वाद नाही. त्याचाच छोटा अनुभव महाबळेश्वरच्या वाटेवर येतो. सुमारे 1,350 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण 15 टक्क्यांनी घटतो. साध्या इंजिनाची गाडी घाटाच्या माथ्यावर तेवढी मलूल होते, टर्बोवाली ही तूट बरीचशी भरून काढते.

मोटारीत टर्बो आला 1962 मध्ये, अमेरिकेतच. ओल्ड्समोबील जेटफायरच्या साडेतीन लिटर इंजिनातून 215 अश्वशक्ती मिळत होती, पण दाबलेली हवा फार तापत असे. त्यावर उपाय म्हणून पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. नाव ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. ते संपले की भरायचे काम मालकाचे, आणि मालक ते भरत नसत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब आपोआप तोडत असे, आणि मग गाडी चालत नाही म्हणून तक्रार होई. दोन वर्षांत जेटफायर दहा हजारांचा आकडाही गाठू शकली नाही. पुढे कंपनीने अनेक गाड्यांतला टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. टर्बो गाडीच्या मालकीचा सगळा इतिहास या एका बाटलीत आहे म्हणायला हरकत नाही.

कारण टर्बोचे भांडण उष्णतेशी आहे. सायकलचा पंप मारताना नळीचे बूड चटका देते, ते याच कारणाने. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, आणि कॉम्प्रेसर सत्तर टक्के कार्यक्षम धरला, तर ती बाहेर पडते सुमारे 125 अंशांवर. तापलेली हवा विरळ, म्हणजे कोंबल्याचा निम्मा फायदा तिथेच गेला. इंटरकूलरने तिला पन्नास अंशांवर आणले तर त्याच दाबाला जवळजवळ 23 टक्के जास्त हवा मावते. दुसरे संकट नॉकिंगचे. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले तापलेले मिश्रण आपोआप पेटते, दाबाच्या लाटा उसळतात आणि पिस्टनचा माथा खाल्ला जातो. सिलिंडर ब्लॉकवरचा सेन्सर ही कंपने टिपतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी थोडी उशिरा टाकतो.

‘स्टेज 1 रिमॅप’ विकला जातो तो या ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलण्याच्या जोरावर. एकही पार्ट न बदलता, तासाभरात, वीस-तीस टक्के ताकद जास्त! आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. खोटा असतो तो ‘कंपनीने दडवून ठेवलेली ताकद’ हा शब्दप्रयोग. कंपनी ताकद दडवत नाही, राखून ठेवते. एकच गाडी लडाखच्या थंडीत, नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत, भेसळीच्या पेट्रोलवर आणि ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या मालकाकडे टिकावी म्हणून. रिमॅप टर्बोचा दाब वाढवतो, ठिणगी आधी टाकतो आणि ही राखीव खर्च करतो. जीटीच्या सात गिअरच्या ड्राय क्लच गिअरबॉक्सची कमाल मर्यादा 250 न्यूटन मीटरची आहे. मूळ 175 वरून 230-240 वर गेलेली गाडी त्या मर्यादेला टेकते, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी सरकताना तो क्लच तसाही तापलेलाच असतो.

जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरले की गाडी पळते, ही समजूतही अर्धीच खरी. ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हे, नॉकिंगला दिलेला प्रतिकार. ईसीयूचा नकाशा त्याचा फायदा घेण्यासाठी लिहिलेला नसेल तर शंभर ऑक्टेनचे पेट्रोल फक्त खिसा हलका करते. इथेनॉलची गंमत उलटी आहे. ते नॉकिंग चांगले रोखते, बाष्पीभवन होताना मिश्रण थंडही करते. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी. त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते, आणि जुन्या गाडीतले रबरी सील व नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्या आहेत का, हा प्रश्न वेगळाच उरतो.

देखभालीत सगळ्यात दुर्लक्षित वस्तू इंजिन ऑइल. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून घाट चढून येताच इंजिन खाडकन बंद न करता मिनिटभर चालू ठेवणे बरे. खरे कुतूहल मात्र ऑइलच्या रसायनात आहे. छोट्या टर्बो इंजिनांत, कमी आरपीएम आणि पूर्ण ॲक्सिलरेटर अशा वेळी, ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटून पिस्टन फुटल्याचे प्रकार दिसू लागले. पिस्टनच्या कडेने वर निसटलेले ऑइलचे थेंब हे एक मुख्य कारण निघाले; आणि इंजिन स्वच्छ ठेवण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली कॅल्शियमची संयुगे तो धोका वाढवतात, असेही आढळले. मग कॅल्शियम कमी करून काही जागी मॅग्नेशियम आले, आणि 2018 मध्ये ‘एपीआय एसएन प्लस’, 2020 मध्ये ‘एसपी’ ही मानके आली. डब्यावरची ही अक्षरे किमतीपेक्षा आधी वाचावीत. पाचव्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमवर घाट रेटण्याची हौस, तीही रिमॅपनंतर, या इंजिनांना सोसत नाही.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते, कारण पूर्वी पेट्रोल वाटेत व्हॉल्व्ह धूत असे, आता ते तिकडून जातच नाही. टाकीत ओतायच्या क्लीनरच्या बाटल्या म्हणूनच या जागी निरुपयोगी. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून, अक्रोडाच्या टरफलांचा बारीक भुसा हवेच्या झोताने मारून काजळी काढतात.

बाकी हौसेबद्दल थोडक्यात. 185/60 आर 15 च्या जागी 195/55 आर 16 टायर घातले तर चाकाचा व्यास सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो आणि स्पीडोमीटर तेवढा मागे दाखवतो. चाक जड झाले तर पिकअपही घटतो. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा वळणावर छान वाटतात, गतिरोधकावर नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारे बदल मना करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले आहे. कर्कश सायलेन्सर तर पोलीस रोलरखाली चिरडतात.

भारतातले पोलोचे उत्पादन 2022 मध्ये थांबले, तेव्हा आता हा सगळा व्यवहार जुन्या गाड्यांच्या बाजारात होतो. तिथे ‘बिलकूल स्टॉक आहे’, म्हणजे काहीच बदललेले नाही, या वाक्यावर विसंबून चालत नाही. मूळ सॉफ्टवेअर परत टाकता येते, मात्र अनेक ईसीयू आपल्यात किती वेळा प्रोग्राम लिहिला गेला याची नोंद ठेवतात आणि ती स्कॅनरवर दिसू शकते. त्याखेरीज कॉम्प्रेशन टेस्ट करावी, स्पार्क प्लगच्या भोकातून बोरस्कोप घालून पिस्टनचे माथे पाहावेत, आणि पुलाच्या चढावर गाडी सावकाश चालवून क्लच थरथरतो का ते तपासावे.