डिग्री तर मिळेल, पण 'ळ' कोण शिकवणार?

शुक्रवारची संध्याकाळ. आमचा चौघांचा नेहमीचा कॅफे, नेहमीचं टेबल आणि नेहमीची रड. एकीचं अप्रेझल रखडलेलं. दुसऱ्याला एचआरने दोन दिवसांच्या ट्रेनिंगला लोणावळ्याला पाठवलेलं. रिसॉर्ट, बुफे, डोळ्यांवर पट्टी बांधून खेळायचे ते टीम बिल्डिंगचे गेम्स... आणि तरी साहेबांची कुरकुर चालूच!

चौथी मैत्रीण शांतपणे कोल्ड कॉफी ढवळत होती. मग म्हणाली, "तुमच्या ट्रेनिंगचे पैसे कंपनी भरते? वर जेवायलाही घालते? मी सुट्टी मागून, स्वतःच्या पैशांनी जाते रे!"

ती बीएएसएलपी करतेय. म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. तीन वर्षं कॉलेज संपलंय, आता वर्षभराची इंटर्नशिप चालू आहे. घरचे अजूनही पाहुण्यांना 'ती डॉक्टरकीसारखं काहीतरी करते' असंच सांगतात.

नक्की करतात काय?

एका बाजूला कान. ऐकण्याची तपासणी, श्रवणयंत्र बसवणं, कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालेल्या मुलाचं मशीन त्याच्या कानाला जुळवून देणं. दुसऱ्या बाजूला बोलणं. तीन वर्षांचा झाला तरी न बोलणारा मुलगा, इंटरव्ह्यूत अडखळणारा तरुण, स्ट्रोकनंतर बायकोचं नावही न आठवणारे काका, वर्गात ओरडून आवाज बसलेल्या बाई. गिळताना ठसका लागणाऱ्या पेशंटलाही हेच लोक मदत करतात.

गरज केवढी आहे? २०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख आणि बोलण्याचं असलेले सुमारे २० लाख लोक नोंदले गेले. म्हणजे नोकरीची चिंता कमी. पण डिग्री हातात आली की माणूस तयार झाला, असं मात्र या फील्डमध्ये होत नाही.

आजी, चाक आणि चहा

मैत्रिणीचाच किस्सा. इंटर्नशिपचा पहिला आठवडा. साउंडप्रूफ खोलीत गावाकडून आलेल्या एक आजी, कानाला हेडफोन. बाहेरून इंटर्नने शब्द म्हणायचे, आजींनी तेच परत म्हणायचे. परीक्षेसाठी पाठ केलेल्या अमेरिकन यादीत 'बेसबॉल', 'हॉटडॉग', 'काउबॉय' असले शब्द. ते आजींना काय कामाचे? सीनियरने मराठी यादी हातात दिली.

आता आमची मैत्रीण पक्की इंग्लिश मीडियमवाली. तिने 'चाक' म्हटलं ते 'चहा'मधल्या 'च'ने. आजींनी ते आपल्या सवयीने, बरोब्बर 'चाक' असं परत म्हटलं. हिला वाटलं, आजींनी चुकीचं ऐकलं. ही फुली मारणार, तेवढ्यात सीनियरने पेन धरलं. "ऐकायला नक्की कोणाला कमी येतंय?"

हसू येतं खरं, पण अशा चार-पाच फुल्या पडल्या तर रिपोर्ट बदलतो. आजींच्या कानात नसलेला दोष कागदावर येतो.

थेरपीतही तेच. चार वर्षांचा मुलगा 'केळं'ला 'केलं' म्हणत असेल आणि थेरपिस्टलाच 'ळ' आणि 'ल'मधला फरक ऐकू येत नसेल, तर ती शिकवणार काय? तेव्हा या फील्डमधलं प्रोफेशनल डेव्हलपमेंट म्हणजे सीव्हीवर आणखी एक ओळ नाही. समोरच्या माणसाचं काही बिघडू नये, म्हणून ते करायचं असतं.

मग शिकायचं कुठे?

पहिली संधी इंटर्नशिपच. बरेच जण घराजवळचं, कमी धावपळीचं सेंटर शोधतात. पण वर्ष संपायच्या आत नवजात बाळांची तपासणी, विशेष मुलांची शाळा, स्ट्रोकचा वॉर्ड आणि श्रवणयंत्रांचं क्लिनिक असं जमेल तेवढं सगळं बघून घ्यावं. हाताशी डायरी ठेवायची. आज काय चुकलं, कोणाला विचारलं, उत्तर काय मिळालं, हे लिहायचं. खर्च शून्य!

दुसरी संधी मोठ्या संस्थांमधल्या वर्कशॉप्स आणि सेमिनार्सची. मुंबईकरांना त्यासाठी लांब जायला नको. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. नायर हॉस्पिटलशी जोडलेल्या टोपीवाला मेडिकल कॉलेजातही हे शिक्षण मिळतं. पुण्यात भारती विद्यापीठ आहे. आणि या फील्डची पंढरी म्हणावी अशी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, म्हणजे 'आयिश', १९६५मध्ये सुरू झाली.

तिसरी संधी 'इशाकॉन'. इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं हे वार्षिक अधिवेशन. देशभरातले लोक येतात, पेपर वाचतात, पोस्टर लावतात. विद्यार्थीही भाग घेतात. इथे टिप एकच: ज्यांची पुस्तकं वाचून आपण पास झालो, ते चहाच्या रांगेत आपल्या मागे उभे असतात. लाजायचं नाही, प्रश्न विचारायचा!

चौथी संधी भाषेची. मराठी, हिंदी आणि शक्य असेल तर भारतीय सांकेतिक भाषासुद्धा. दिल्लीत २०१५मध्ये स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र तिचे कोर्सेस घेतं. एमएस्सीला डिझर्टेशनचा विषय निवडताना मराठी शब्दयाद्या, मराठी चाचण्या, मराठी चित्रकार्डं यांचा जरूर विचार करा. असं काम कपाटात पडून राहत नाही, रोज क्लिनिकमध्ये वापरलं जातं.

सर्टिफिकेटचा मोह

आता थोडी सावधगिरी. परदेशी पद्धतींचे सर्टिफिकेट कोर्स हा सध्याचा मोठा फंडा आहे. त्यातले काही खरोखर दमदार आहेत. पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी 'एलएसव्हीटी लाउड' नावाची पद्धत आहे. आवाज मोठा करायचा, हे त्यातलं मुख्य सूत्र. आठवड्यात चार दिवस असे चार आठवडे, प्रत्येकी तासाभराची १६ सेशन्स. शिकलात आणि पेशंट मिळाले, तर सोनं. पण ज्या क्लिनिकमध्ये दिवसभर लहान मुलंच येतात, तिथे हे सर्टिफिकेट भिंतीवरच राहणार.

मैत्रिणीचं हेच झालं. तिने स्टायपेंडचे पैसे साठवून एक महागडा कोर्स केला. चकचकीत फाइल मिळाली. सहा महिन्यांत ती पद्धत वापरायची वेळ एकदाही आली नाही. त्याच काळात ती दर शनिवारी एका सीनियर बाईंच्या थेरपी रूमच्या कोपऱ्यात नुसती बसून बघायची. "मूल रडायला लागलं की आधी आईला पाणी द्यायचं, हे मला कुठल्याच कोर्सने सांगितलं नव्हतं," असं ती म्हणते. आता तिचा नियम साधा आहे: आधी पेशंट, मग प्रश्न, मग कोर्स. उलटं नाही.

पुढे हे सक्तीचंच आहे!

भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजेच आरसीआयकडे नाव नोंदवल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. १९९२चा कायदाच तसा आहे. पुढे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सीआरई, म्हणजे सतत चालणाऱ्या शिक्षणाच्या कार्यक्रमांचे गुण मिळवावे लागतात. तेव्हा सवय आत्ताच लावलेली बरी.

आणि तुम्ही, जे आयटीत किंवा बँकेत आहात आणि म्हणताय की 'आपला काय संबंध'? संबंध आहे, बॉस! बाबा टीव्हीचा आवाज ३०वरून ४०वर नेतील, तेव्हा तुम्हीच त्यांना तपासायला घेऊन जाणार आहात. तिथे दोन प्रश्न बिनधास्त विचारा. "तुमचा आरसीआय नोंदणी क्रमांक काय?" आणि "शब्दांची तपासणी मराठीतून करणार ना?"

बिल द्यायची वेळ आली तेव्हा लोणावळा रिटर्न साहेबांनी मोठ्या मनाने कार्ड काढलं. मैत्रीण मात्र घाईत उठली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी नऊला एका छोट्या मुलाचं सेशन होतं आणि तिला घरी जाऊन केळ्याचं चित्र काढायचं होतं.