युरिया, पेंड आणि कोठीपोटातले सूक्ष्मजीव

गाईला घातलेल्या पेंडीतली बरीचशी प्रथिने गाय थेट पचवत नाही. कोठीपोटातले सूक्ष्मजीव ती फोडून अमोनिया बनवतात आणि त्यावर स्वतः वाढतात. पुढे चौथ्या पोटात आणि आतड्यात गाय पचवते ते हे सूक्ष्मजीव. तिच्या प्रथिनांचा निम्म्याहून अधिक वाटा बहुधा त्यांच्याकडूनच येतो.

म्हणूनच युरिया हे जनावराला निव्वळ विष, हा समज अपुरा आहे. कारखान्यात तयार होणारा युरिया शेतासाठी असतो. पण त्यातल्या ४६ टक्के नत्रापासूनही सूक्ष्मजीव प्रथिने घडवू शकतात. भाताच्या १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरियाचे द्रावण शिंपडून तो तीन आठवडे हवाबंद ठेवला, तर पेंढा मऊ पडतो, त्याची पचनीयता आणि नत्र दोन्ही वाढतात. विषबाधा होते ती घाईने: पाण्यात विरघळवून पाजलेला किंवा उपाशी जनावराने एकदम खाल्लेला युरिया इतका अमोनिया सोडतो की सूक्ष्मजीवांना तो वापरता येत नाही, आणि तो रक्तात उतरतो. लहान वासरांचे कोठीपोट तयार झालेले नसते. त्यांना युरिया देऊच नये.

खाद्याच्या पोत्यावरच्या प्रथिनांच्या टक्केवारीवर डोळे झाकून विसंबणेही चूक. प्रयोगशाळा नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणते. या हिशेबाने युरियात २८७ टक्के ‘प्रथिने’ भरतात! सरकी पेंड आणि युरिया मिसळलेले खाद्य कागदावर सारखे दिसू शकते, गोठ्यात नाही.

पेंड वाढवली की दूध वाढते, हेही अर्धसत्य. अमोनिया वापरायला सूक्ष्मजीवांना ऊर्जा लागते, ती भरडलेल्या मक्यातून किंवा चांगल्या चाऱ्यातून मिळते. ती नसेल तर जादा अमोनियाचा यकृतात युरिया होतो आणि महागडी पेंड मूत्रावाटे गोठ्याबाहेर जाते. त्या युरियातला थोडा दुधातही उतरतो. त्यामुळे दुधात युरिया सापडला म्हणजे भेसळ झालीच, असे नाही. भारतीय मानकांनुसार दुधात ७०० पीपीएमपर्यंत युरिया चालतो.

कोठीपोटात न फुटता पुढे जाणारी ‘बायपास’ प्रथिने सर्वांनाच हवीत असेही नाही. भरपूर दूध देणाऱ्या गाईची गरज एकट्या सूक्ष्मजीवांनी भागत नाही, तिला बायपास प्रथिनांचा उपयोग होतो. दोन-तीन लिटर देणाऱ्या गाईसाठी तो खर्च वायाच जातो.