टेंभुर्णी ते बुडापेस्ट : युरोपात दीड हजारात रात्र निघते, पण रील जे सांगत नाही त्याचं काय?

इन्स्टाग्रामवर एक ठरलेलं रील असतं. दुमजली पलंग, त्याला छोटा पडदा, उशाशी चार्जिंगचा पॉइंट, खिडकीतून दिसणारा जुना चौक आणि वर मोठ्या अक्षरात 'युरोपात एक रात्र फक्त 1500 रुपये'. टेंभुर्णीच्या स्टँडवर एसटीची वाट बघणारा एखादा पोरगा ते सेव्ह करतो, दोस्ताला पाठवतो आणि विचारतो, "हे खरंय का रे?"

तर हो, खरंय. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट, पोलंडचं क्राकोव्ह अशा शहरांत हॉस्टेलचा एक बेड गर्दी नसताना 12 ते 18 युरोला मिळतो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर दीड हजाराचं गणित जुळतं. फक्त त्या बेडपर्यंत पोचायचा खर्च रीलमध्ये नसतो. आणि माढा तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या पोरासाठी खरी अडचण पैशापेक्षा कागदाची असते. त्याकडे येऊच, आधी हॉस्टेल काय प्रकार आहे ते बघू.

आपल्याकडे होस्टेल म्हटलं की कॉलेजचं वसतिगृह आठवतं. युरोपातलं हॉस्टेल तसं नाही. त्याच्या जवळचं काही शोधायचं तर टेंभुर्णीतून पंढरपूरकडे फुटणाऱ्या रस्त्याच्या टोकाला जावं लागेल. पंढरपुरातले मठ आणि धर्मशाळा आठवा. एका हॉलमध्ये अनोळखी माणसं शेजारी शेजारी झोपतात, सामान ज्याचं त्यानं सांभाळायचं, न्हाणीघर सगळ्यांचं एकच आणि पहाटे कुणाच्या तरी आवाजानं जाग येणार. हॉस्टेल म्हणजे साधारण हेच. जमिनीवरच्या सतरंजीऐवजी पलंग आणि टाळ-मृदंगाऐवजी ऑस्ट्रेलियन पोरांच्या गप्पा, एवढा फरक. वारीत दिंडीबरोबर भिशी भरून चाललेल्या माणसाला हॉस्टेलमध्ये नवीन शिकायला फार काही नाही.

या कल्पनेची सुरुवातही पायी चालण्यातूनच झाली. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे शाळामास्तर होते. 1909 च्या ऑगस्टमध्ये ते पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळी पावसात सापडले. एका गावच्या शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग चालणाऱ्या पोरांना तिथं झोपायला जागा का देऊ नये, असा विचार त्यांच्या डोक्यात आला. त्यातून आल्टेना गावच्या किल्ल्यात यूथ हॉस्टेल उभं राहिलं. 1932 मध्ये या चळवळीची आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली. हिमालयातल्या ट्रेकमुळे महाराष्ट्रातल्या अनेकांना माहीत असलेली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया याच घराण्यातली. आजची बहुतेक हॉस्टेलं मात्र खासगी धंदा आहेत.

बुडापेस्टमध्ये उतरल्यावर काय होतं?

विमानतळावरून शहरात जायला दोन बस आहेत. 100E ही बस थेट मध्यवस्तीत डेआक चौकात सोडते, पण तिला वेगळं आणि महाग तिकीट लागतं. 200E ही बस मेट्रोच्या एम-3 मार्गाच्या टोकापर्यंत नेते, तिथून मेट्रो पकडायची. वेळ जास्त लागतो, पण शहराचं साधं तिकीट चालतं. तिकीट काढून खिशात ठेवलं म्हणजे झालं असं मात्र नाही. ते यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. कंडक्टर आपल्याकडे येईल या सवयीनं गेलेला माणूस इथं हमखास अडकतो.

हॉस्टेलवर चेक-इन साधारण दुपारी दोन-तीननंतर. सकाळी पोचलात तर बॅग ठेवून घेतात, बेड देत नाहीत. रिसेप्शनवर पासपोर्ट स्कॅन करतात. घाबरायचं कारण नाही, हंगेरीत पाहुण्याच्या ओळखपत्राची अशी नोंद करणं कायद्यानं बंधनकारक आहे. मग एक कार्ड, एक चादर आणि बेडचा नंबर हातात येतो. खोलीत चार ते बारा बेड, कधी त्याहून जास्त. जितके बेड जास्त तितका दर कमी आणि तितकीच घोरणाऱ्याची शक्यता जास्त. लॉकर असतो, पण कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं लागतं. टॉवेलचे वेगळे पैसे पडतात. म्हणून घरून निघताना कुलूप, पंचा आणि कानात घालायचे बोळे घेतलेले बरे.

लेखी नसलेले नियम लेखी नियमांपेक्षा महत्त्वाचे. रात्री मोठा दिवा लावायचा नाही, फोन स्पीकरवर घ्यायचा नाही. पहाटेची गाडी असेल तर बॅग आदल्या रात्रीच भरून ठेवायची. सकाळी पाचला प्लॅस्टिकच्या पिशव्यांची खसखस करणाऱ्या माणसाचा राग सगळ्या देशांच्या लोकांना सारखाच येतो. घरी रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करायचा असेल, तर तो स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या बाकावर. हंगेरीत रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते, हेही आईला आधीच सांगून ठेवावं.

बुडापेस्टमधली बरीच हॉस्टेलं सातव्या जिल्ह्यात, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत आहेत. पडक्या इमारतींच्या अंगणात थाटलेले बारही तिथंच. बुकिंग करताना 'पार्टी हॉस्टेल' असा शब्द दिसला तर तो गांभीर्यानं घ्या, तिथं रात्री झोप मिळत नाही. थोडं लांबचं, शांत हॉस्टेल निवडलं तरी ट्रॅम आहेच. त्यातली 2 नंबरची ट्रॅम डॅन्यूब नदीच्या काठानं संसदेसमोरून जाते. बोटीच्या महागड्या फेरीचं अर्धं काम साध्या तिकिटात होतं. मार्गारेट बेट, गेलर्ट टेकडी आणि नदीवरचे पूल बघायला पैसे पडत नाहीत. 1896 मध्ये सुरू झालेल्या एम-1 मेट्रोत बसणं हेच एक पर्यटन. चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म 1913 मध्ये याच शहरातला, हे मात्र रीलवाले सहसा सांगत नाहीत.

खाण्याचं काय?

रोज बाहेर जेवलं की बजेट कोसळतं. हॉस्टेलचं स्वयंपाकघर असतं ते यासाठीच. सुपरमार्केटमधून तांदूळ, अंडी, टोमॅटो, ब्रेड आणायचा आणि भांडी वापरून लगेच घासून ठेवायची. बऱ्याच ठिकाणी आधीच्या पाहुण्यांनी ठेवून गेलेल्या मीठ-तेल-पास्त्याचं एक फुकटचं कपाट असतं, आधी ते बघावं. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटल्या विकत घेऊ नयेत.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाकडे इथं एक हुकमी पत्ता आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन्ही टिकतं, दोन्ही चालतं. पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आजीनं दिलेले पेढे आणि तुपाची बरणी घरीच. ताज्या फळांनाही रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, फक्त पाच फळांना सूट आहे : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. केळीच्या पट्ट्यातल्या टेंभुर्णीकरांना ही सूट आवडेल, जरी इतक्या लांब केळी नेऊन उपयोग काहीच नाही.

आता हिशेब. मुंबईहून एक थांबा घेऊन जाऊन-येऊन विमान तिकीट, आधी काढलं तर, साधारण 45 ते 70 हजार. व्हिसा फी 90 युरो आणि वर केंद्राचं सेवाशुल्क मिळून 11-12 हजार. विम्याचे एक-दोन हजार. सात रात्रींच्या बेडचे दहा-बारा हजार, खाणं आणि ट्रॅम मिळून आणखी दहा हजार. बेरीज 80 हजार ते एक लाखाच्या पुढेमागे जाते. यात बेडचा वाटा फार तर सातवा-आठवा. म्हणून एका आठवड्यात पाच देश करण्यापेक्षा एकाच शहरात जास्त दिवस राहिलं की रोजचा खर्च उतरतो, कारण मोठी रक्कम निघण्याआधीच गेलेली असते.

पैसे देताना एक चूक टाळा. हंगेरी युरोपियन युनियनमध्ये असली तरी तिथलं चलन फोरिंट आहे. कार्ड मशीन किंवा एटीएम विचारतं, 'रुपयात भरू का?' नाही म्हणायचं, फोरिंटच निवडायचं. रुपयाच्या पर्यायात मशीनवाल्याचा दर लागतो आणि तो महाग पडतो.

खरी परीक्षा : उसाचं बिल आणि बँक स्टेटमेंट

हंगेरीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस अर्ज करता येतो. निदान 30 हजार युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण सक्तीचं. बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबईच्या केंद्रात स्वतः जावं लागतं. 2024 मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे 11 लाख अर्ज गेले, त्यातले दीड लाखाहून जास्त नाकारले गेले. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही.

अधिकाऱ्याला दोनच गोष्टी पटायला हव्यात : खर्चाला पैसे आहेत आणि माणूस परत येणार. नोकरदाराकडे पगाराची स्लिप, आयकर विवरण, रजेचं पत्र असतं. शेतकऱ्याच्या पोराकडे काय असतं? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेक घरांत विवरण भरलेलंच नसतं. वर्षभर खात्यात किरकोळ रक्कम असते आणि एक दिवस कारखान्याचं बिल जमा होऊन ती एकदम दोन-तीन लाखांवर जाते. आपल्याला हे रोजचं आहे. पण अर्ज तपासणाऱ्याला ते कुणाकडून तरी उसने घेऊन दाखवण्यापुरते टाकलेले पैसे वाटू शकतात, कारण तसं करणारेही असतात.

यावर उपाय म्हणजे त्या रकमेचा उगम दाखवणं. कारखान्याची ऊसबिलाची पावती, सातबारा आणि आठ-अ, त्यांचं इंग्रजी भाषांतर. वडील खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा. सोबत एका पानाचं साधं पत्र, ज्यात पैसा कुठून आला, कुठं राहणार आणि परत येऊन काय करणार हे सरळ लिहिलेलं. व्हिसा मिळेलच अशी हमी यातूनही नाही. 'गॅरंटीड व्हिसा' देतो म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठावं, निर्णय वकिलातीचा असतो. बनावट हॉटेल बुकिंग जोडण्याचा सल्लाही असेच लोक देतात. त्याऐवजी फुकट रद्द करता येणारं खरं हॉस्टेल बुकिंग जोडलं की काम होतं.

आणि 'एकटी मुलगी कशी जाईल?' हा प्रश्न घरात येणारच. बहुतेक मोठ्या हॉस्टेलांत फक्त मुलींसाठी वेगळी खोली असते, दर थोडा जास्त. बुकिंग करताना एकट्यानं राहिलेल्या मुलींनी लिहिलेले अभिप्राय आधी वाचावेत. रात्री उशिरा पोचणारं विमान टाळावं. आपत्कालीन नंबर युरोपियन युनियनमध्ये 112, महाराष्ट्रातही 112. बुडापेस्टमध्ये भारताचा दूतावास आहे, त्याचा नंबर कागदावरही लिहून घ्यावा, फोन चोरीला गेला तर तोच कामाला येतो. एकट्यानं जग फिरणं मोठ्या शहरातल्यांचंच काम असं म्हणणाऱ्यांना परभणी जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके यांचं उदाहरण देता येईल. ते 2016 मध्ये एकटे जगप्रवासाला निघाले आणि 2019 मध्ये परतले.

मुदतीत परतणं मात्र पाळायलाच हवं. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा टप्प्याटप्प्यानं बोटांचे ठसे आणि चेहऱ्याच्या डिजिटल नोंदीनं घेतली. एक दिवस जास्त राहिलात तरी संगणकाला दिसतं आणि पुढच्या अर्जाला ते नडतं.

वेळेचं गणित टेंभुर्णीतून असं बसतं. पासपोर्ट नसेल तर सोलापूरच्या केंद्राची तारीख आताच घ्यावी, पोलीस पडताळणी गावातच होते. ऊसबिल मार्च-एप्रिलपर्यंत जमा झालं तर ते खात्यात मुरू द्यावं, जूनच्या शेवटी अर्ज करावा आणि जायचं सप्टेंबरच्या उत्तरार्धात ठेवावं. तेव्हा उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते, बेड पुन्हा स्वस्त होतात आणि स्टेटमेंटमध्ये ती रक्कम तीन महिने जुनी दिसते. विमान मुंबईहून असेल तर कुर्डुवाडीतून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, सकाळी मुंबईत पोचवते.