रास्पबेरी पाय अपग्रेड करताय? जुने कार्ड आधी बाजूला काढून ठेवा



आपल्यापैकी काहींच्या घरी किंवा शाळेत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे. तळहातावर मावेल एवढा एकच बोर्ड. टीव्ही, कीबोर्ड आणि माऊस जोडला की झाला संगणक! मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून इंग्लंडमध्ये तो तयार झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. आपल्याकडे पुण्याची पाय-जॅम फाउंडेशन ही संस्था अशा संगणकांच्या मदतीने शाळेतील मुलांना संगणक शिकवते. आज आपण त्याची ऑपरेटिंग सिस्टीम कशी बदलायची ते पाहू. पण आधी माझी चूक सांगतो.

माझी चूक

श्रीगोंदा तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात बाहेरगावची मुले काही महिने आपल्या वर्गात बसतात. अशाच एका मुलीने आमच्या पायवर स्क्रॅचमध्ये बैलगाडीची गोष्ट केली होती. गाडीवानाचा आवाज तिने स्वतःच दिला होता. पट्टा पडला आणि ती आईवडिलांबरोबर गावी गेली.

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी त्याच कार्डावर जुन्या सिस्टीमवरून नवी चढवायला घेतली. अर्ध्यात लाईट गेली. नंतर संगणक सुरूच होईना. कार्ड लॅपटॉपला लावले तर 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारले. मी 'हो' म्हटले आणि त्यावरच नवी सिस्टीम टाकली. बाकीच्या मुलांनी आपापली कामे जूनमध्ये पुन्हा केली. पण त्या मुलीला कुठून आणायचे?

नंतर कळले की विंडोजला या कार्डाचा मुख्य भाग वाचताच येत नाही, म्हणून ते फॉरमॅटचे विचारते. कार्ड खराब झाले असा त्याचा अर्थ नव्हे. लिनक्स असलेल्या संगणकावर त्यातली कामे बहुधा दिसली असती.

अपडेट आणि अपग्रेड यांत फरक काय?

पाठ्यपुस्तकाचे उदाहरण घेऊ. पुस्तकात चुका सापडल्या की शुद्धिपत्रक येते, पुस्तक तेच राहते. हे झाले अपडेट. अभ्यासक्रम बदलला की पुस्तकच नवीन येते. हे अपग्रेड.

अपडेट सोपे असते. वरच्या पट्टीत उजवीकडे त्याची खूण दिसते, तिच्यावर क्लिक करायचे. किंवा टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि मग 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड' या आज्ञा द्यायच्या (टाईप करताना इंग्रजी छोटी अक्षरे वापरा). दुसऱ्या आज्ञेत अपग्रेड हा शब्द असला तरी तिने पुस्तक बदलत नाही, फक्त शुद्धिपत्रक चिकटते.

रास्पबेरी पायची सिस्टीम डेबियन या मोफत लिनक्सवर उभी आहे. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तिला 'टॉय स्टोरी' चित्रपटातील पात्राचे नाव असते : २०१९ ला बस्टर, २०२१ ला बुल्सआय, २०२३ ला बुकवर्म, २०२५ ला ट्रिक्सी.

जुनीच चालते, मग बदलायची कशाला?

कारण शुद्धिपत्रकेही कधीतरी बंद होतात. बस्टरसाठी डेबियनच्या सुरक्षा दुरुस्त्या जून २०२४ मध्ये थांबल्या. ब्राउझर जुना झाला की काही वेबसाईट नीट उघडत नाहीत. मुले इंटरनेट वापरत असतील तर हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

मग करायचे कसे?

पायची सिस्टीम मेमरी कार्डावर असते. म्हणून जुन्या कार्डावर नवी सिस्टीम चढवण्यापेक्षा वेगळ्या कार्डावर ती नव्याने टाकावी. रास्पबेरी पायवालेही हाच सल्ला देतात.

१. मुलांची सगळी कामे पेनड्राईव्हवर घ्या. दुसऱ्या संगणकावर एक-दोन उघडून पाहा. नुसते 'कॉपी झाले' यावर विसंबू नका.

२. वायफायचा पासवर्ड आणि वापरात असलेल्या प्रोग्रॅमची नावे वहीत लिहा.

३. संगणक रीतसर बंद करा. जुने कार्ड काढून त्यावर 'जुने' अशी चिठ्ठी लावा.

४. ३२ जीबीचे नवे कार्ड घ्या. लॅपटॉपवर 'रास्पबेरी पाय इमेजर' हा मोफत प्रोग्रॅम उघडून आपले मॉडेल निवडा. त्याला चालणाऱ्या सिस्टीम तोच दाखवतो. 'लिही' म्हणण्यापूर्वी आपण नव्याच कार्डाचे नाव निवडले आहे ना, हे दोनदा बघा.

५. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड स्वतः ठरवा. पूर्वी सगळ्यांना 'पाय' हे नाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड तयार मिळे. सुरक्षेसाठी २०२२ मध्ये ते बंद झाले.

६. नवे कार्ड घालून संगणक सुरू करा. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका, देवनागरी फॉन्ट टाकला की झाले. लागणारे प्रोग्रॅम टाका आणि मुलांची कामे परत आणा.

काही बिघडलेच तर जुने कार्ड घाला, संगणक पहिल्यासारखा चालू! या पद्धतीत लाईट गेली तरी नवे कार्ड पुन्हा लिहिता येते, मुलांच्या कामाला धक्का लागत नाही. तरीही इन्व्हर्टर असेल तर त्यावरच करा. जुने कार्ड निदान महिनाभर पुसू नका.

कार्ड काही शे रुपयांत मिळते. वर्गात एवढीशी बचत करायला गेलो आणि एका मुलीचे काम घालवून बसलो. आता हंगाम संपायच्या आधीच मी प्रत्येक मुलाचे काम दोन पेनड्राईव्हवर घेतो. एक शाळेत राहतो, दुसरा घरी. तुम्हीही येत्या सुट्टीत अपग्रेड करणार असाल, तर पहिली पायरी आजच करून टाका.