खर्जाचे बटण

बारामतीच्या एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन असो की इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावची जत्रा असो, ऑर्केस्ट्रा आला म्हणजे त्याबरोबर पुष्कळदा बास गिटारही येते. चार जाड तारांचे, लांब मानेचे हे वाद्य. ते वाजू लागले की पुढच्या रांगेतल्या पोरांना मौज वाटते. पण मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला गाण्याचा एक शब्द लागेल तर शपथ! नुसते घूं घूं. मग बोल लागतो तो गाणाऱ्या मुलीला. खरा दोष बहुधा ध्वनिवर्धकावरच्या एका बटणाचा असतो.

तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते. त्या दिंड्यांतला पखवाज आठवा. वादक डाव्या पुडीला ओली कणीक लावतो. आवाज भरीव हवा तर थोडी वाढवतो, फार घुमू लागला तर खरवडून काढतो. ध्वनिवर्धकाची बटणे म्हणजे विजेची कणीकच म्हणा ना! फरक एवढाच की, कणकेने पुडीचा सूर उतरतो; बटणाने सूर हलत नाही, त्या सुरात मिसळलेल्या अंगांचे प्रमाण तेवढे बदलते.

अंगे म्हणजे काय? बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पण त्याच वेळी तिच्यात ८२, १२३, १६४ अशी पटीतली कंपनेही चालू असतात. आपला कान मोठा हुशार. मुळातले ४१ गाळले तरी वरच्या पटींवरून तो मूळ सूर ओळखतो. लहानशा रेडिओवरही खर्जाचा सूर आपल्याला उमगतो तो यामुळेच.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ हे वाद्य बाजारात आणले. भरीव लाकडाचे असल्यामुळे ते विजेशिवाय जेमतेम कुजबुजते. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, इंग्लंडच्या पीटर बॅक्सँडॉल यांनी खर्ज आणि तार ही दोन्ही अंगे वेगवेगळी कमीजास्त करणारी एक सुटसुटीत जोडणी प्रसिद्ध केली. ‘बास’ आणि ‘ट्रेबल’ ही आज कितीतरी यंत्रांवर दिसणारी बटणे तिच्याच वंशातली.

आता बटण वाढवले की काय होते ते पाहा. खर्ज १० डेसिबलने चढवला, तर त्या भागासाठी ध्वनिवर्धकाला दहापट शक्ती द्यावी लागते. दहापट! एवढी शक्ती त्याच्यापाशी नसली की आवाज फाटतो, स्पीकरची गुंडाळी तापते, कधी जळतेही. पत्र्याच्या कर्ण्याची तर गोष्टच सोडा. साधारणपणे ३०० कंपनांच्या खालचा आवाज त्याला नीट बाहेर टाकताच येत नाही. तिथे खर्ज चढवणे म्हणजे फुटक्या पाटाला मोटरीचे पाणी सोडणे.

दुसरी फसगत कानाची. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून दाखवले. वादक घरी हळू वाजवत बसतो, खर्ज अपुरा वाटतो म्हणून बटण चढवतो आणि तेच मंडपात ठेवतो. तिथे आवाज मोठा झाला की खर्ज अंगावर येतो. त्यात यंत्र भिंतीच्या कोपऱ्यात ठेवले असले तर विचारूच नका, कारण कोपरा खर्जाला आणखी जोर देतो. उजनीकाठच्या उघड्या माळावर हा त्रास कमी. पत्र्याच्या सभागृहात फार.

तेव्हा गुरुजींनी एवढे करावे. सगळी बटणे मधोमध ठेवावीत, यंत्र कोपऱ्यातून पुढे ओढावे, एका मुलाला वाजवायला सांगून आपण थेट शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहावे. गाणेही चालू असू द्या, एकटी गिटार ऐकून काही समजत नाही. घुमारा वाटला तर तो बहुतेक २०० ते २५० कंपनांच्या आसपासचा असतो. तेवढाच भाग थोडा उतरवावा. माणसाच्या आवाजाची बैठकही त्याच्या जवळपासच असते, म्हणून तो उतरवताच शब्द मोकळे होतात. गिटारचे सूर एकमेकांत मिसळून जात असतील तर खर्जाला हात न लावता मधले बटण, म्हणजे ५०० ते ८०० चा भाग, किंचित चढवून बघा. तारेवर बोटांची खरखर ऐकू आली तर ट्रेबल उतरवा. मात्र सभागृह रिकामे असताना तो फार उतरवू नये. माणसे आणि त्यांचे कपडे तार अंग पुष्कळ शोषून घेतात, खर्ज मात्र फारसा घेत नाहीत. श्रोते भरल्यावर पुन्हा एकदा मागे जाऊन ऐकावे, हे बरे.

आणखी एक. तार अंग भिंतीशी थबकते, खर्ज भिंतीतून पलीकडे जातो. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवायला २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. पण शेजारच्या घरात आजारी माणूस असला, तर खर्जाचे बटण नवाच्या आधीच थोडे मागे घ्यावे.