वडोदऱ्यात बसून सोसायटीचा कॉम्प्युटर कसा चालतो



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारून ठेवल्या, पण डिझेलच्या बिलांची नोंद याच दिवसांत उरकायची असते. आपला हिशेब बघणारी पोर लग्न करून वडोदऱ्याला गेली. ऑफिसच्या उबुंटू कॉम्प्युटरवर तिने तिथूनच काम करायचं ठरलं. पण पासवर्ड टाकला की नुसता काळा पडदा! नोंद राहिली तर डिझेल परतावा अडकणार, म्हणून सगळ्यांच्या जिवाला घोर.

झालं काय होतं? लिनक्समध्ये खिडक्या, मेनू, खालची पट्टी हे सगळं वेगळं सॉफ्टवेअर असतं; त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. इंजिन एक आणि वरची केबिन वेगळी, तसंच समजा. लांबून जोडून देणारा एक्सआरडीपी स्वतःची केबिन आणत नाही. उबुंटूची नेहमीची ग्नोम जड, लांबून ती बऱ्याचदा अडते. म्हणून एक्सएफसीई ही हलकी केबिन घातली. दोन्ही फुकट. मग तिच्या होम फोल्डरमध्ये एक फाइल केली. नाव: आधी टिंब, लगेच 'एक्ससेशन'. आत एकच ओळ: 'स्टार्टएक्सएफसीई४'. दोन्ही लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

तरी पडदा काळाच! ऑफिसात त्याच नावाने आधीच लॉगिन होतं. एकाच नावाची दोन सेशनं भांडतात. तिला वेगळं खातं काढून दिलं, हिशेबाचं फोल्डर दोघांना उघडेल असं केलं, तेव्हा कुठे गाडी चालू झाली.

एक फायदा मात्र मोठा. नेट तुटलं तरी काम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालूच राहतं. परत जोडलं की पडदा होता तसा समोर. पण काम संपल्यावर नुसती खिडकी बंद करू नये, मेनूतून लॉग आउट करावं. नाहीतर हिशेबाची फाइल तिच्याकडे उघडीच राहते आणि इथे ऑफिसात ती अडकते.

राउटरवर ३३८९ हा पोर्ट उघडून देऊ का, असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा. उघडा पोर्ट चोर रात्रंदिवस शोधत असतात. आपण व्हीपीएनमधूनच जातो.

आणि ऑफिस बंद करताना कॉम्प्युटरचा डबा बंद करू नका, फक्त पडदा बंद करा. स्लीपही बंद ठेवलंय. डबा बंद झाला की वडोदऱ्याहून फोन येतो, आणि किल्ली घेऊन कुणाला तरी धावत यावं लागतं.